दर वर्षी भुकटी नवी, भट्टी तीच: कॉम्पोझिटचे प्रोजेक्ट पदवीला ठेवावेत का?

चाळणी१८० (धागाकर्ता)

धातूंच्या कॉम्पोझिटवर (धातूत कडक कण किंवा तंतू मिसळून बनवलेल्या पदार्थांवर) संशोधन करणारे प्राध्यापकच बऱ्याचदा अभ्यासक्रम नव्यानं बांधायच्या समितीवर असतात. मग 'संशोधनाभिमुख शिक्षण' म्हणून शेवटच्या वर्षाच्या पदरात पडतं ते ठरलेलं: ए३५६ किंवा ६०६१ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वितळवा, त्यात ५, १०, १५ टक्के काहीतरी ढवळा, कडकपणा मोजा, ताणून तोडा, पिन-ऑन-डिस्कवर (फिरत्या तबकडीवर पिन घासणाऱ्या यंत्रावर) झिजवा, तागुचीची प्रयोगमांडणी लावा, पेपर पाठवा. पुढच्या तुकडीला मिश्रधातू तोच, भुकटी वेगळी. सिलिकॉन कार्बाइड झालं, ॲल्युमिना झालं, बोरॉन कार्बाइड झालं, फ्लाय ॲश झाली, तुसाची राख झाली, करवंटीची झाली. सगळ्या संपल्या की दोन एकत्र करायच्या आणि नाव द्यायचं 'हायब्रिड'.

माझं म्हणणं सरळ आहे: पदवीच्या पातळीवर नव्या भुकटीचे प्रोजेक्ट बंद करा. रसात कण मिसळणं हे काही कालचं तंत्र नाही. प्रदीप रोहतगी यांनी १९६० च्या दशकातच निकेलचा मुलामा दिलेलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियमच्या रसात घातलं होतं. सुरप्पा आणि रोहतगी यांचं सिरॅमिक कणांच्या ओतीव कॉम्पोझिटवरचं काम १९८१ मध्ये छापून आलं. त्यानंतर भुकट्यांची यादी लांबत गेली, पदवीच्या अहवालांतलं मोजमाप मात्र होतं तिथंच राहिलं.

नमुन्यादाखल एकच जागा दाखवतो. अहवालात '१० टक्के सिलिकॉन कार्बाइड' असं असतं. वजनी की आकारमानी, हे पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. ए३५६ ची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) २.६८ आणि सिलिकॉन कार्बाइडची ३.२१ धरली तर वजनी १० टक्के म्हणजे आकारमानानं साडेआठ टक्के, आणि बिनछिद्र कॉम्पोझिटची घनता २.७२५. आर्किमिडीजच्या पद्धतीनं (पाण्यात वजन करून) २.६५ आली की लगेच 'छिद्रं २.७५ टक्के' असं छापायचं. पण मुशीत टाकलेली भुकटी सगळी रसात गेली हे तपासलं कुणी? थोडी वर तरंगते आणि मळीबरोबर खरवडून निघते, थोडी तळाशी बसून राहते. समजा ७ टक्केच आत गेली. मग बिनछिद्र घनता २.७११ होते आणि छिद्रं सव्वादोन टक्क्यांवर येतात. म्हणजे सगळा खेळ अर्ध्या टक्क्याचा. पाणी २० अंशांवर आहे की ३० वर हे न पाहता एकच घनता वापरली तर त्यातला पाव टक्का तिथंच गेला.

दुसरं, तुलनेचा नमुना. शून्य टक्क्याचा ओत नुसता वितळवून ओततात. ढवळलेला नसतो, त्यात मॅग्नेशियम घातलेलं नसतं. मग पुढे कडकपणा वाढला तो कणांनी, जादा मॅग्नेशियमनं, की पोलादी ढवळणीतून विरघळलेल्या लोखंडानं? या प्रश्नाचं उत्तर त्या अहवालात सापडत नाही, कारण प्रयोगातच ते नव्हतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

विरोधी मतांचं जास्त स्वागत आहे.

मूस_चिमटा

असहमत. निदान बरोबर आहे, पण तुम्ही रोग्यालाच वॉर्डाबाहेर काढताय.

यांत्रिकीच्या पोरांना पदवीभर ७४० अंशांच्या रसाजवळ उभं करणारं काम किती उरलंय? ओतकामाची प्रयोगशाळा कित्येक ठिकाणी वाळूचा साचा ठोकून दाखवण्यापुरती राहिली आहे. ढवळून ओतायचा प्रोजेक्ट काढलात तर त्या जागी पीपीटी येईल, चांगलं मोजमाप येणार नाही. आणि हे काम नीट केलं तर त्यात भौतिकशास्त्र, रसायन आणि हात, तिन्ही लागतात. नीट म्हणजे कसं ते लिहितो, एक किलोच्या ओतासाठी.

९०० ग्रॅम ए३५६, तुकडे २०० अंशांवर सुकवलेले. १०० ग्रॅम सिलिकॉन कार्बाइड, सरासरी ३० मायक्रॉन. भुकटी १००० अंशांवर दोन तास ठेवायची. त्यानं कणांवर सिलिकाचा पातळ थर येतो आणि रस कणाला धरतो. भाजलेली भुकटी गार करून डब्यात भरून ठेवली तर ओल पुन्हा चिकटते, म्हणून घालेपर्यंत ती ४०० अंशांच्या वर राहिली पाहिजे. रस ७४० ला आणायचा, गॅस आधी काढायचा, मळी काढायची, मग मॅग्नेशियम. ए३५६ मध्ये ते पाव ते ०.४५ टक्के असतंच, वर साधारण ९ ग्रॅम. ते रसापेक्षा हलकं, नुसतं टाकलं तर वर तरंगून जळतं. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, भोकाच्या घंटीनं तळापर्यंत दाबायचं.

ढवळणी ग्रॅफाइटची, चार पाती, ४५ अंशांनी तिरकी, व्यास मुशीच्या निम्मा. रसाच्या पृष्ठभागापासून दोन तृतीयांश खोल. ४५० ते ५०० आरपीएम. भुकटी मिनिटाला १५ ते २० ग्रॅम, एका धारेत, भोवऱ्याच्या कडेला. सगळी आत गेल्यावर वेग २५० ते ३०० वर आणायचा, भोवरा मोडेल इतका, आणि आणखी पाच मिनिटं. डाय (धातूचा साचा) २५० ते ३०० अंशांवर तापवलेली हवी. ढवळणी काढल्यावर अर्ध्या मिनिटात ओतायचं.

यात चुका कुठे होतात ते पोरांना पुस्तकातून कळत नाही. भुकटी ओली असेल तर ती रसावर कोरड्या पापडासारखी बसते आणि ढवळणीभोवती फिरत राहते, आत जातच नाही. वेग ७०० च्या वर नेला तर ती जाते, पण सोबत हवा आणि ऑक्साइडचे पापुद्रेही जातात. कण घातल्यावर गॅस काढायला बसलं तर बुडबुडे कणांनाच वर घेऊन येतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. सुरक्षेवर एकच ओळ: मूस, पळी, चिमटा, डाय यांतली एकही गोष्ट थंड किंवा दमट असताना रसाला लागता कामा नये, आणि गॅस काढायला हेक्झाक्लोरोइथेनच्या गोळ्या वापरणार असाल तर धूर ओढणारी व्यवस्था नसलेल्या खोलीत मुळीच नाही.

शून्य_अवशेष

दोघांच्याही एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालंय. भट्टीवर जे चुकतं त्याहून जास्त एक्सेलमध्ये चुकतं.

झिजेचा ठरलेला प्रयोग घ्या: भार, वेग, अंतर, प्रत्येकाच्या तीन पातळ्या, आणि तागुचीची एल२७ मांडणी (२७ प्रयोगांचा ठरलेला तक्ता). 'तागुचीमुळे प्रयोगांची संख्या वाचली' हे वाक्य पाठोपाठ येतंच. तीन गुणिले तीन गुणिले तीन म्हणजे २७. म्हणजे हा पूर्ण फॅक्टोरियल झाला, सगळ्या शक्य जोड्या करून पाहिल्या, वाचलं काहीच नाही. एल९ घेऊन त्यात चार घटक बसवले तर आणखी मजा: नऊ प्रयोगांत डिग्री ऑफ फ्रीडम ८, चार घटक प्रत्येकी २ खातात, त्रुटीसाठी शून्य उरतात. मग सॉफ्टवेअर एफ-मूल्य (परिणाम त्रुटीच्या किती पट आहे ते) देत नाही, म्हणून सगळ्यात लहान घटक त्रुटीत ढकलायचा. जो सगळ्यात लहान, त्यालाच त्रुटी म्हटल्यावर बाकीचे 'लक्षणीय' ठरणारच.

आणि निष्कर्ष: 'भाराचा वाटा सर्वाधिक'. आर्चर्डच्या झिजेच्या सूत्रातच झीज भाराच्या आणि अंतराच्या प्रमाणात आहे. भार १० ते ५० न्यूटन आणि वेग सेकंदाला १ ते २ मीटर असा घेतला की भार जिंकणार हे मांडणी करतानाच ठरलं. पातळ्या बदला, टक्केवारी बदलते. शेवटी 'इष्टतम स्थिती: कमीत कमी भार, कमीत कमी अंतर'. म्हणजे ब्रेक कमी दाबा आणि गाडी कमी चालवा!

पुनरावृत्तीबद्दल. एका ओतातून कापलेले तीन नमुने म्हणजे तीन पुनरावृत्त्या नव्हेत. एकक आहे ओत. ०, ५ आणि १० टक्क्यांची तुलना करायची तर प्रत्येकी किमान तीन, म्हणजे नऊ ओत, आणि तेही चिठ्ठ्या टाकून क्रम लावून. नाहीतर सगळे शून्यवाले पहिल्या दिवशी कोऱ्या मुशीत आणि सगळे १० वाले शेवटी, तोवर ढवळणीचा लेप उडालेला.

जाळी_विणकर

मुळात ओतायलाच कशाला हवं? आधुनिकीकरण म्हणायचं आणि पोरांना १९८० च्या दशकातली मूस धरायला लावायची, हे मला विसंगत वाटतं.

हाशिन आणि श्ट्रिकमन यांच्या सीमा (मिश्र पदार्थाचा गुणांक कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती असू शकतो ते) हातानं काढायला एक तास लागतो. ॲल्युमिनियमचा लवचिकतेचा गुणांक ७० गिगापास्कल, सिलिकॉन कार्बाइडचा ४२०, कण आकारमानानं १० टक्के. साध्या मिश्रणाच्या नियमानं १०५ येतात आणि पुष्कळ अहवालांत तोच आकडा 'सैद्धांतिक' म्हणून मिरवतो. तो लांब, एका दिशेच्या तंतूंसाठी आहे. कणांसाठी खालची सीमा ८१ च्या आसपास, आणि प्रत्यक्ष कॉम्पोझिट तिच्याच जवळ असतं. आता त्यात ३ टक्के गोल छिद्रं घाला: गुणांक साधारण ६ टक्क्यांनी पडतो, ७६ उरतात. म्हणजे कणांनी दिलेल्या ११ गिगापास्कलमधले ५ छिद्रांनी परत नेले. हे समजायला भट्टी लागली नाही. पुढे प्रातिनिधिक घन घेऊन त्यात ३० कण विखुरले, जाळी बारीक करत नेली, उत्तर स्थिरावतं का पाहिलं, तर त्याच सत्रात फायनाइट एलिमेंटही (पदार्थाचे बारीक तुकडे पाडून संगणकावर करायचं गणित) शिकून होतं.

मूस_चिमटा

विणकर, ७६ चा हिशेब सुरेख आहे, पहिल्याच आठवड्यात शिकवावा असा. पण तुमच्या घनात ३० कण एकमेकांपासून सुटे विखुरलेत, आणि रस त्यांना चिकटलाय हे तुम्ही गृहीत धरलंय. ओतात ते पाच-सातच्या गुठळ्या करून बसतात, गुठळीच्या मध्ये रस पोचलेला नसतो, आणि तडा तिथूनच निघतो. गुणांकाला गुठळीचं फारसं वाटत नाही, पण लांबण्याची क्षमता तिथंच संपते. उष्णोपचार केलेलं साधं ए३५६ तुटण्याआधी ३ ते ६ टक्के लांबतं. २० टक्के कण असलेलं बाजारात विकलं जाणारं ओतीव कॉम्पोझिट अर्ध्या टक्क्याच्या आसपास. गुठळी सूक्ष्मदर्शकात एकदा पाहिल्याशिवाय ती मॉडेलमध्ये घालायचं सुचत नाही.

रसओत

ओतकामाच्या बाजूनं बोलतो. मला धागाकर्ता आणि मूस दोघेही अर्धे पटतात.

मूस यांनी 'अर्ध्या मिनिटात ओतायचं' लिहिलं, त्याचं कारण लिहिलं नाही, आणि तेच शिकवण्यासारखं आहे. ३० मायक्रॉनचा कण, रसाची घनता सुमारे २.४, कणाची ३.२, रसाचा चिकटपणा सुमारे १.१ मिलिपास्कल-सेकंद. स्टोक्सच्या सूत्रात (द्रवात कण किती वेगानं खाली बसतो ते) घाला: सेकंदाला ०.३६ मिलिमीटर. म्हणजे ढवळणी काढल्यावर एक मिनिट उभं राहिलात की कण २१ मिलिमीटर खाली. दाट मिश्रणात ते एकमेकांना अडवतात, १० टक्क्यांना वेग साधारण ०.६ पट होतो, तरी १३ मिलिमीटर. मुशीत रस ८० ते १०० मिलिमीटर उंच असतो. आता वरून काढलेल्या नमुन्याची आणि खालून काढलेल्या नमुन्याची तुलना करा. कण १० मायक्रॉनचे घेतले तर वेग नवव्या हिश्श्यावर येतो, पण बारीक कण गुठळ्या जास्त करतात. म्हणून २५ ते ४० मायक्रॉन, त्यात काही जादू नाही.

पण प्रश्न असा की नोकरीत याचा उपयोग काय. कॉम्पोझिट जिथं खरंच चाललं ते पाहा. टोयोटानं १९८३ मध्ये डिझेलच्या पिस्टनवर रिंगच्या खाचेपाशी सिरॅमिक तंतू घातले. होंडाच्या प्रिल्यूडच्या सिलिंडरला कार्बन आणि ॲल्युमिना तंतूंचं अस्तर होतं. दोन्हीकडे तंतूंचा सांगाडा आधी बनवून त्यात दाबानं रस भरला. बोइंग ७७७ च्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनातल्या पंख्यामागच्या मार्गदर्शक पात्यांत १७.५ टक्के सिलिकॉन कार्बाइडवालं ॲल्युमिनियम आहे, ते भुकटी दाबून बनवलेलं. रेल्वे इंजिनांच्या आणि विजेवरच्या गाड्यांच्या पॉवर मॉड्यूलखालच्या ॲल्युमिनियम-सिलिकॉन कार्बाइडच्या पाट्या, त्याही सच्छिद्र सांगाड्यात रस भरून, कारण तिथं कण ६० टक्क्यांच्या वर लागतात आणि इतकं ढवळून जात नाही. ढवळून ओतलेल्या प्रकाराची ब्रेक डिस्क वगैरे उदाहरणं आहेत, पण मोजकी. त्यात भंगाराची डोकेदुखी: रायझर आणि गेट (ओतल्यावर कापून काढायचे जादा भाग) साध्या ए३५६ च्या ढिगात गेले की अख्खी भट्टी नासते, म्हणून ते वेगळेच ठेवावे लागतात.

त्यामुळे माझा पर्याय: भुकटीच काढा, साधं ए३५६ ठेवा. गोठताना ॲल्युमिनियममधल्या हायड्रोजनची विद्राव्यता विसाव्या हिश्श्यावर येते. हा एकच आकडा घेऊन सत्रभराचं काम होतं. १०० ग्रॅम रस हवेत गोठवा, १०० ग्रॅम ८० मिलिबारच्या निर्वात डब्यात गोठवा, दोघांच्या घनतेतला फरक टक्क्यांत काढा. गॅस काढण्यापूर्वी, काढल्यावर, आणि वीस मिनिटं तसंच ठेवल्यावर. शिवाय ०.०२ टक्का स्ट्रॉन्शियम घालून सिलिकॉनच्या सुया मोडतात का ते सूक्ष्मदर्शकात पाहा. ओतकामात काम करणाऱ्याला याच दोन गोष्टी रोज लागतात.

दुसरी_बाजू

मंडळी सगळी राखेवर तुटून पडली आहेत, तिच्या बाजूनंही कुणी बोलायला हवं. फ्लाय ॲश, तुसाची राख यांचे ढीग खरे आहेत, त्यांना उपयोग शोधणं हे संशोधनच आहे. संशोधक प्राध्यापकाच्या कामावरच विभागात भट्टी, सूक्ष्मदर्शक, झीज यंत्र येतं, आणि पदवीचे विद्यार्थी ते वापरतात. 'नवी भुकटी बंद' म्हणणं सोपं, पण मग यंत्र कुणाच्या नावावर मागायचं?

चाळणी१८०

यंत्राचा मुद्दा मान्य. राखेचा नाही.

तुसाच्या राखेत ९० टक्के सिलिका धरा. एक किलोच्या ओतात ५ टक्के राख म्हणजे ५० ग्रॅम, त्यात सिलिका ४५. वितळलेलं ॲल्युमिनियम सिलिकाला खातं: चार ॲल्युमिनियम आणि तीन सिलिका मिळून दोन ॲल्युमिना आणि तीन सिलिकॉन. पूर्ण झालं तर ४५ ग्रॅम सिलिकातून २१ ग्रॅम सिलिकॉन रसात येतं. म्हणजे मिश्रधातूत दोन टक्के सिलिकॉनची भर. ६०६१ मध्ये मुळात ०.४ ते ०.८ टक्का असतं. मग कडकपणा वाढला तो राखेच्या कणांनी की तुम्ही नकळत वेगळाच मिश्रधातू बनवलात म्हणून? तुलनेचा खरा नमुना म्हणजे ६०६१ अधिक २ टक्के सिलिकॉन, तसाच ढवळलेला. असा नमुना ओतणारा राखेचा प्रोजेक्ट असेल तर मी विरोध मागे घेतो. त्यात जळायचा राहिलेला कार्बन आधी ७०० ते ८०० अंशांवर जाळला होता का, त्या तापमानाला राखेतली अस्फटिक सिलिका स्फटिक झाली का, हेही अहवालात हवं. फ्लाय ॲशच्या पोकळ गोळ्या तर पाण्यावरही तरंगतात, त्या रसात टिकवणं हा वेगळाच धडा आहे.

६०६१ मध्ये सिलिकॉन कार्बाइड घालणाऱ्यांचंही असंच. सिलिकॉन कमी असल्यामुळे रस कणांना खाऊन ॲल्युमिनियम कार्बाइड बनवतो, तापमान आणि वेळ वाढेल तसं जास्त. ते पाण्याशी गाठ पडली की मिथेन सोडून विरघळतं. नमुना पाण्यावर घासून चकचकीत केला तर कणाच्या कडेचं कार्बाइड वाहून जातं आणि खड्डा उरतो, मग अहवालात 'छिद्रं' म्हणून नोंद! रसात ७ ते १० टक्के सिलिकॉन असलं की ही भानगड बहुतांशी थांबते. ए३५६ या कामाला बरं पडतं त्याचं हे अर्धं कारण.

प्रयोगवही

चर्चा भट्टीत अडकली आहे, धाग्यातला दुसरा अर्धा भाग शिक्षणाचा होता. एमआयटी आणि तीन स्वीडिश विद्यापीठांनी २००० मध्ये सीडीआयओ सुरू केलं तेव्हापासून 'कल्पना करा, रचना करा, बनवा, चालवा' हे सगळ्यांना पाठ आहे. बहुतेक अभ्यासक्रमांत 'बनवा' आलं, 'चालवा' आणि 'मोजा' राहिलं.

शून्य_अवशेष यांचे नऊ ओत एका गटाला झेपत नाहीत, हे उघड आहे. एका ओताला तापवण्यापासून साफ करण्यापर्यंत अर्धा दिवस जातो. पण तीस विद्यार्थ्यांचे सहा गट, प्रत्येकाला तीन ओत: ० टक्के ढवळलेला, ५ टक्के, १० टक्के. सगळ्यांची भुकटी एकाच पिशवीतली. वर्गाकडे १८ ओत होतात, आणि प्रत्येक पातळीच्या सहा खऱ्या पुनरावृत्त्या. गटागटांतला फरक कणांच्या परिणामाहून मोठा आला तर तोच निष्कर्ष.

सगळ्यांना एकच विषय दिला तर नक्कल होईल, ही शंका येणार. म्हणून प्रत्येक गटाला एक गुप्त बदल द्यायचा: एकाची भुकटी न भाजलेली, एकाला ओतण्याआधी दोन मिनिटं थांबायला सांगायचं, एकाची डाय अगदी थंड नाही, पण १५० अंशांवरच. बाकीच्या गटांनी कापलेला, घासलेला नमुना पाहून काय बिघडलं ते ओळखायचं. तोंडी परीक्षेत तेच विचारा. तळाशी कणांची गर्दी आणि वर मोकळी जागा दिसली तर उत्तर स्टोक्सपाशी जातं. गोल गुळगुळीत छिद्रं दिसली तर हायड्रोजन, वेडीवाकडी फाटलेली दिसली तर गोठतानाचं आकुंचन. कणांच्या पुंजक्याला लागून पोकळी दिसली तर ओली भुकटी किंवा भोवऱ्यातली हवा.

गुणांची वाटणी: प्रयोगवही आणि त्रुटीचा हिशेब मिळून निम्मे. फसलेला ओत फेकला तर शून्य, कापून त्याचं कारण दिलं तर पूर्ण.

शून्य_अवशेष

प्रयोगवही, मांडणी चांगली आहे, पण गुप्त बदल आणि पुनरावृत्ती एकत्र करू नका. ज्या गटाची भुकटी भाजलेली नाही त्याचा १० टक्के इतरांच्या १० टक्क्यांत मिसळता येणार नाही. प्रत्येक गटाचा बदल वेगळा, म्हणजे सहा पुनरावृत्त्यांतली एकही खरी उरली नाही. एक तर गुप्त बदलासाठी चौथा ओत द्या, नाहीतर बदल फक्त एकाच पातळीला लावा.

प्रयोगवही

मान्य. चौथा ओत, आणि तो शेवटी. म्हणजे २४ ओत. वेळापत्रक ताणतं, पण झिजेचा प्रयोग काढून टाकला तर जागा होते.

मूस_चिमटा

झीज काढू नका, तिथंच तर पोरं सगळ्यात जास्त फसतात. एएसटीएम जी९९ (पिन-ऑन-डिस्क चाचणीचं मानक) प्रमाणे पिन कॉम्पोझिटची आणि डिस्क कडक केलेल्या ईएन३१ पोलादाची. मग पिनचं वजन घटायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं आणि पोरं यंत्राला दोष देतात. खरं म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे कण डिस्कला खरवडतात आणि ते लोखंड पिनवर येऊन बसतं. डिस्कची झीज मोजलीच नाही तर 'कॉम्पोझिट झिजत नाही' असा आनंदी निष्कर्ष निघतो. आणि दर चाचणीला डिस्कवर ताजा मार्ग हवा. जुन्या चाकोरीत चालवलं तर आधीच्या नमुन्याचे कण नव्याला घासतात.

रसओत

झीज ठेवायची तर नमुना लेथवर फिरवायचा कशानं तेही सांगा. हायस्पीड स्टीलची धार एका पासात जाते, कार्बाइडची थोडी टिकते, खरं काम पीसीडीचं (कृत्रिम हिऱ्याच्या धारेचं). बोथट हत्यारानं फिरवलेल्या पिनच्या पृष्ठभागावर कण उखडलेले असतात आणि झिजेची पहिली २०० मीटर त्यातच जातात.

जाळी_विणकर

माझं मत अजून तसंच आहे: २४ ओत करणाऱ्या वर्गानं आधी कागदावर ७६ काढलेला नसेल तर ते २४ ओत वाया. पण मूस यांच्या गुठळीपुढे मला उत्तर सुचलं नाही, हे कबूल. एक विचारतो: आत नक्की किती टक्के गेलं हे धागाकर्त्यानं पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं आणि कुणी सांगितलं नाही. हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून गाळलं तर?

चाळणी१८०

आम्लात ॲल्युमिनियम जातं, पण ए३५६ मधलं ७ टक्के सिलिकॉन जात नाही. ते गाळण कागदावर कणांसोबतच राहतं, आणि १० टक्क्यांचे १६ च्या वर दिसतात. अल्कली वापरा. कॉम्पोझिटचा २ ग्रॅम चुरा, १० टक्क्यांचं सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिलिलिटर, मोठा बीकर, वर झाकण नाही. चुरा चिमटी-चिमटीनं, कारण हायड्रोजन आणि उष्णता दोन्ही जोरात निघतात. फ्यूम हूडमध्ये, जवळपास ज्योत नको. फसफस थांबली तरी सिलिकॉन हळू विरघळतं, म्हणून ८० अंशांवर आणखी एक तास. मग पाण्यानं धुवायचं, १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लानं राहिलेलं लोखंड आणि मॅग्नेशियम काढायचं. वॉटमन ४२ गाळण कागदातून गाळायचं, ११० अंशांवर सुकवायचं. अपेक्षित वजन ०.२ ग्रॅम, तराजू ०.१ मिलिग्रॅमचा. कण नसलेल्या, पण तसाच ढवळलेल्या ओतावर हेच करून जे उरेल ते वजा करायचं. भाजताना आलेला सिलिकाचा थर गरम अल्कलीत जातो, तेवढं किंचित कमी येतं.

चुरा ओताच्या वरून, मधून आणि तळातून, तीन वेगवेगळे. वर ६ आणि खाली १३ आले तर दोन्ही आकडे छापायचे, साडेनऊ नाही.

मूस_चिमटा

चुरा करताना हॅकसॉचं पातं वापरलंत तर पात्याचं लोखंडही त्यात येतं. आम्लाच्या पायरीत ते निघतं, पण सुरुवातीच्या २ ग्रॅमच्या वजनात मोजलं गेलेलं असतं. चुऱ्यावरून आधी चुंबक फिरवा.